निकालाचा टक्का आणि गळालेली पोरे

धानोरा, ता. नंदुरबार.

दरसाल उन्हाळा सरत आला की दहावीचा निकाल लागतो, आणि निकाल लागला की गावोगाव जो जल्लोष सुरू होतो तो पाहून परक्या माणसास वाटावे की या मुलखातील अज्ञानाचे आता तेरावे झाले. चौकात फलक चढतात. फलकावर पाच-सात पोरापोरींची चित्रे असतात, आणि त्या सर्वांहून मोठे चित्र संस्थेच्या अध्यक्षांचे असते. खाली ठळक अक्षरांत लिहिलेले असते, 'निकाल शंभर टक्के'. पेढे वाटले जातात, भाषणे होतात, आणि आठ दिवसांनी पाऊस पडला की फलकही भिजतो व विषयही संपतो.

जी पोरे पास झाली त्यांचे आम्हास कौतुक आहे. दिव्याखाली अभ्यास करून, अर्ध्या उपाशी पोटी तीन-चार कोस चालून, घरची ढोरे सांभाळून ज्या पोराने वा पोरीने दहावीचा दाखला मिळविला, त्याच्या पाठीवर थाप मारावयास आम्ही कोणाच्याही मागे राहणार नाही. आमचा तंटा पोरांशी नाही, आमचा तंटा त्या टक्क्याशी आहे. वाचकहो, तुम्ही शेतकरी आहात, कारागीर आहात, हिशेब तुम्हास कळतो. तेव्हा तुम्हीच सांगा. एखाद्याने शेत पेरले, अर्धे बी उगवलेच नाही, उगवले त्यातले निम्मे वाळून गेले, उरल्यासुरल्या कणसांची रास खळ्यावर आली, आणि तो म्हणू लागला की या राशीतील शंभर कणसांपैकी पंचाण्णव दाण्याने भरलेली आहेत, सबब यंदा पीक पंचाण्णव टक्के आले, तर त्यास तुम्ही काय म्हणाल? आमच्या खेड्यात त्यास शहाणा म्हणणार नाहीत. पण शाळेचा निकाल नेमका याच रीतीने सांगितला जातो, आणि आपण सारे टाळ्या वाजवितो.

समजा, एका टापूतून एके वर्षी शंभर पोरे पहिलीच्या वर्गात बसली. दहा वर्षांनी त्यातली चाळीसच दहावीच्या परीक्षेस बसली आणि अडतीस पास झाली. फलकावर निकाल लागेल पंचाण्णव टक्के. पण बापडा बाप विचारील की शंभरातील अडतीसच पार पडली, बाकीची बासष्ट कोठे गेली, तर त्याचे उत्तर फलकावर नाही. परीक्षेच्या मांडवात जी बसलीच नाहीत ती नापासही होत नाहीत, मग त्यांची गणती कोण करणार? नापास झालेल्याचे नाव निदान कागदावर राहते, गळालेल्याचे नाव तर कागदावरूनच पुसले जाते. आमच्या मते हाच आजच्या शिक्षणाचा मुख्य प्रश्न आहे, आणि या अंकात आम्हास एवढेच सांगावयाचे आहे की, हायस्कुलाची परीक्षा पास झालेल्यांवरून घेऊ नका, गळालेल्यांवरून घ्या.

आता कोणी म्हणेल की, राज्याचा निकाल वर्षानुवर्षे वाढतो आहे, ही प्रगती नव्हे काय? तर ही प्रगती कशी वाढते व कशी उतरते ते पाहा. 2018 साली साऱ्या राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. पुढच्या साली भाषा व समाजशास्त्र या विषयांतील शाळेने द्यावयाचे तोंडी व अंतर्गत गुण काढून टाकले, अभ्यासक्रमही नवा आला, आणि 2019 चा निकाल एकदम 77.10 टक्क्यांवर उतरला. पालक रडले, संस्था ओरडल्या, सरकारने ते गुण परत दिले, आणि 2020 साली निकाल 95.30 टक्के झाला! एका वर्षात साऱ्या महाराष्ट्राची पोरे निर्बुद्ध झाली आणि दुसऱ्या वर्षी एकदम पंडित झाली, असे कोणी म्हणेल काय? पुढे महामारीच्या वर्षी, 2021 मध्ये, लेखी परीक्षा झालीच नाही, आणि निकाल लागला 99.95 टक्के. परीक्षा न घेता सर्वांत मोठा निकाल! त्यानंतर 2023 ला 93.83, 2024 ला 95.81 आणि 2025 ला 94.10 असे आकडे आले. तेव्हा हा टक्का म्हणजे पोरांच्या अकलेचे माप नाही. नियम सैल केला की तो फुगतो, आवळला की बसतो.

मग खरे माप कोणते? 2023 साली 'असर' या नावाची पाहणी देशातील 28 जिल्ह्यांच्या खेड्यांत झाली. तिने 14 ते 18 वर्षांच्या मुलामुलींच्या घरी जाऊन त्यांस वाचावयास लावले. चौथाई मुलांना आपल्याच भाषेतील दुसरीच्या पुस्तकातला उतारा अडखळल्यावाचून वाचता आला नाही, आणि तीन आकडी संख्येस एका आकड्याने भागावयाचे साधे गणित शंभरातील 43 जणांसच जमले. ही मुले कोणाची? जी बाजारात हिशेबात फसतात, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर न वाचता अंगठ्याऐवजी सही करतात, त्यांची. पूर्वी अडाणी म्हणून फसत होतो, आता पास होऊन फसतो, एवढाच फरक.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी असे सहा तालुके. 2011 च्या जनगणनेत येथील वस्ती 16 लाख 48 हजार होती. त्यात शंभरातील एकूणसत्तर माणसे आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, वसावे अशी त्यांची कुळे व बोली. बाकीच्यांत गुजर, पाटील, माळी, कोळी, सुतार, लोहार, कुंभार, चांभार, मुसलमान, सगळे कष्टकरी. शंभरातील त्र्याऐंशी माणसे खेड्यांत. त्याच जनगणनेत राज्याची साक्षरता शंभरात 82 असताना या जिल्ह्याची 64 होती. पुरुषांत 72 आणि बायांत 56. त्या वेळच्या पस्तीस जिल्ह्यांत हा जिल्हा सर्वांत तळाशी. पुढे 2018 साली दिल्ली सरकारने देशातील मागासलेल्या जिल्ह्यांस 'आकांक्षित' असे गोड नाव दिले, आणि महाराष्ट्रातील जे चार जिल्हे त्या यादीत बसले त्यात आमचा एक. नाव बदलले म्हणून भूक बदलत नाही.

मौज अशी की, जेथे शंभरातील छत्तीस माणसांस अक्षरओळख नाही तेथेच हायस्कुलांचे फलक नव्वद-शंभराच्या खाली उतरत नाहीत. हे दोन आकडे एकाच घरात कसे नांदतात? ते नांदतात, कारण दोहोंच्या मध्ये गळालेली पोरे आहेत.

ही गळती नेमकी कोठे होते ते सांगण्यास मागचा इतिहास थोडा सांगितला पाहिजे. 1882 साली सरकारने हंटर साहेबांचे कमिशन नेमले. त्यापुढे जोतीराव फुले यांनी लेखी निवेदन दिले. त्यांचा मुद्दा सरळ होता. सरकारची तिजोरी रयतेच्या घामाने भरते, आणि शिक्षणाचा पैसा मात्र वरच्या वर्गांच्या मुलांवर खर्च होतो. वर विद्या ओतली की ती खाली झिरपेल असे सरकार म्हणते, पण ती झिरपत नाही. म्हणून निदान बारा वर्षे वयापर्यंत सर्वांस प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, आणि खेड्यांतील शाळांवर शेतकरी जातींतील शिकविलेले गुरुजी नेमावेत, अशी त्यांची मागणी होती. इंग्रज सरकारने ती मनावर घेतली नाही. सयाजीराव महाराजांनी घेतली. 1893 साली अमरेलीस त्यांनी प्रयोग केला आणि 1906 साली साऱ्या बडोदे राज्यात सक्तीचा कायदा केला. आमच्या शिवेपलीकडचे सोनगड आणि व्यारा त्या राज्यात होते. म्हणजे नदी-नाला ओलांडला की तिकडे सक्तीचे शिक्षण, आणि इकडे पश्चिम खानदेशात गुरांमागे पोरे! शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापुरात तेच केले. पुढे स्वराज्य आले. 1950 च्या घटनेने सांगितले की, दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण द्यावे. म्हणजे 1960 पर्यंत. तो हक्क कायद्याने पदरात पडला केव्हा? 1 एप्रिल 2010 रोजी! अर्धे शतक उशिरा.

आणि पडला तोही किती? सहा ते चौदा वर्षे, पहिली ते आठवी. आठवी झाली की कायद्याचा हात सुटला. पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत, असा नियम आहे. नववी-दहावीची शाळा किती दूर असावी याविषयी पोराने कोर्टात जाऊन दाद मागावी असा हक्क नाही. आठवीपर्यंत ज्याला सरकार 'हक्क' म्हणते, नववीत त्यालाच 'सोय' म्हणते, आणि सोय ही पैसेवाल्याचीच आधी होते. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून नाव कमी झाले, आणि दुसऱ्या गावच्या हायस्कुलात नाव चढले की नाही, हे विचारणारा कोणी नाही. मधल्या पायवाटेवर पोर हरवते.

आता चौदावे वर्ष म्हणजे काय ते गरिबाच्या घरात पाहा. त्याच वर्षी पोराच्या मनगटात कोयता धरण्याइतके बळ येते. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातून हजारो कुटुंबे गुजरातेत बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीस जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो. उचल घेतली ती बियाण्याला, आजारपणाला, लग्नाला. ती फेडावयाची तर दोन हातांपेक्षा तीन हात बरे. नवरा-बायकोचा एक कोयता, पोरगा आला तर मोळ्या वाहील, पोरगी आली तर खोपीत धाकटी भावंडे सांभाळील. तिकडच्या शाळेत घालावे म्हटले तर तेथे गुजराती चालते. नाव इकडे पटावर, पोर तिकडे फडात. हंगाम संपेतो उन्हाळा येतो. आणि दहावीची परीक्षा कधी? फेब्रुवारी-मार्चात. 2025 साली ती 21 फेब्रुवारीस सुरू झाली आणि होळी तिच्या शेवटाशी आली. ज्या होळीसाठी आमचा आदिवासी कामकरी कोठूनही घरी परततो, त्या होळीच्या आधीच पोराच्या परीक्षेचे बहुतेक पेपर होऊन गेलेले! हंगामात मागे राहिलेल्या मुलांसाठी सरकारी हंगामी वसतिगृहे आहेत, पण त्यांचीही दोरी आठवीपाशीच तोकडी पडते. म्हणजे ज्या वयात मुकादमाची नजर पोरावर पडते, त्याच वयात सरकारची नजर पोरावरून उठते.

दुसरी गळती भाषेची आहे, आणि ती डोळ्यांस दिसत नाही. आमच्याकडे कित्येक घरांत आईला 'याहा' म्हणतात. देवमोगरा माता तीही 'याहामोगी'. पोर शाळेत येते आणि पहिल्याच पानावर 'आई' वाचते. कोणाची आई? घरी भिलोरी, मावची, पावरी, कोकणी वा अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. लहान वर्गात गुरुजी प्रेमळ असला तर हे अंतर हसतखेळत तुटते. तुटले नाही तर ते दरसाल रुंदावत जाते, आणि नववीत 'गुरुत्वत्वरण' आणि 'प्रकाशसंश्लेषण' असले डोंगराएवढे शब्द आले की पोर खाली मान घालून बसते. मास्तर म्हणतो पोर मठ्ठ आहे. पोर मठ्ठ नाही. ज्यास रानातली शंभर झाडे नावानिशी ठाऊक, तो झाड अन्न कसे तयार करते हे समजू शकत नाही काय? समजेल, पण त्याच्या बोलीतून त्याला कोणी सांगितलेच नाही. नर्मदेच्या काठच्या बुडितातील आदिवासींनी 1990 नंतरच्या वर्षांत आपल्या जीवनशाळा काढल्या, तेथे गावचेच तरुण गुरुजी झाले आणि लहान वर्गांत मुलांच्या बोलीतून शिकवू लागले. सरकारी पैसा नसलेल्या लोकांनी जे केले ते सरकारास करता येत नाही, असे आम्ही मानीत नाही. जोतीरावांनी रयतेतलाच गुरुजी मागितला तो याचसाठी.

तिसरी गळती हायस्कुलाच्या आतच होते, आणि तिच्याविषयी बोलावयास फारसे कोणी धजत नाही. प्राथमिक शाळा बहुशः जिल्हा परिषदेच्या, पण खेड्यांतील हायस्कुले बहुशः खाजगी संस्थांची. सरकार अनुदान देते, कारभार संस्था पाहते. पूर्वी आम्ही म्हणत होतो की विद्येच्या किल्ल्या भटजींच्या कमरेला आहेत. आज त्या किल्ल्या पुष्कळ ठिकाणी आमच्याच बहुजनसमाजातील पुढाऱ्यांच्या कमरेला आहेत. त्यांतील कित्येकांनी खरोखर कष्टाने शाळा उभ्या केल्या, त्यांस आमचा नमस्कार. पण 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठीत निर्माण झाला तो काही उगाच नाही. जेथे शाळा म्हणजे गादी झाली, नोकरी म्हणजे लिलाव झाला, तेथे निकालाचा टक्का हा गादीचा झेंडा होतो. तो खाली येऊ नये म्हणून कच्च्या पोरास नववीत सांगितले जाते, 'बाबा रे, तू 17 नंबरचा फॉर्म भर.' हा फॉर्म मुळात चांगल्या कामासाठी आहे. ज्याची शाळा सुटली त्याने बाहेरून परीक्षेस बसावे यासाठी तो आहे. पण शाळेत असलेल्यास बाहेर ढकलण्यासाठी तो वापरला, तर तो दरवाजा नव्हे, उकिरड्याची खिडकी होय. पोर बाहेरून बसते, नापास होते, शाळेचा टक्का मात्र निर्मळ राहतो! ज्या वैद्याने अवघड रोगी आधीच दारातून हाकलले, त्याच्या हातून कोणी मेला नाही यात नवल ते काय?

गुरुजींचीही कथा निराळी नाही. 2001 नंतर 'कायम विनाअनुदानित' म्हणून शाळांना परवानग्या दिल्या. 2009 साली 'कायम' हा शब्द काढला, पण कित्येक शिक्षक त्यानंतरही वर्षानुवर्षे बिनपगारी वा अर्ध्या पगारावर राहिले. सकाळी गणित शिकवावयाचे आणि दुपारी दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जावयाचे, असे शिक्षक या महाराष्ट्रात झाले आहेत. 2012 पासून शिक्षकभरती अडवून ठेवली, त्याचे फळ ज्या शाळेत गणित-विज्ञानाचा मास्तर नव्हता तेथील पोरांनी भोगले. मास्तराचे पोट रिकामे ठेवून पोराचे डोके भरेल, ही आशा खोटी आहे.

चौथी गळती पोरींची. शाळा दूर, रस्ता रानातला, वसतिगृहात जागा मिळाली तर मिळाली. आठवी झाली की घरची वडील माणसे म्हणतात, 'आता पोर मोठी झाली.' मोठी झाली म्हणून तिची शाळा बंद, आणि धाकट्या भावाची चालू. या बाबतीत सर्व दोष सरकारावर टाकून आम्हास मोकळे होता येणार नाही. ग्रामीण भागातील मुलींस बारावीपर्यंत एस.टी.चा प्रवास अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेने फुकट आहे. पास फुकट असून जर पोरगी घरी बसत असेल, तर एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नाही म्हणून बसते, की बापाच्या मनाची वेळ जुळत नाही म्हणून? पहिले कारण असेल तर आगारप्रमुखाकडे अर्ज करू. दुसरे असेल तर ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

कोणी पांढरपेशे गृहस्थ म्हणतात की, 'आदिवासी आणि कुणबी यांस शिक्षणाची गोडीच नाही, सरकार तरी काय करणार?' हे बोलणे दीडशे वर्षांचे जुने आहे. भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली तेव्हाही हेच बोलणे होते. त्यांनी मुठीमुठीने धान्य गोळा केले, सर्व जातींची पोरे एका पंगतीस बसविली, आणि वसतिगृहातील पोरांच्या तोंडी घास जावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. 1940 साली साताऱ्यास त्यांनी महाराजा सयाजीराव हायस्कूल काढले आणि पोरांस काम करून शिकण्याची वाट दिली. गोडी नव्हती त्या रयतेत गोडी कोठून आली? पोट भरले, निवारा मिळाला, गुरुजी आपला वाटला, की गोडी आपोआप येते. भाकरीवाचून गोडी मागणारे लोक स्वतः कधी उपाशी शाळेत गेलेले नसतात.

आणि हा दाखला नुसता भिंतीवर टांगावयाचा नाही. सुताराच्या पोरास आय.टी.आय.त चांगले काम शिकावयाचे तर बहुतेक ठिकाणी दहावी पाहिजे. टपालखात्यात ग्रामीण डाकसेवक व्हावयाचे तर निवडच दहावीच्या गुणांवर होते. सैन्यात शिपाई व्हावयाचे तर दहावी पाहिजे, पोलिसात बारावी पाहिजे. आरक्षणाची जागा सुद्धा ज्याच्याजवळ दाखला त्यालाच. बाबासाहेबांनी घटनेत दार ठेविले, पण उंबऱ्यापर्यंत पाय नेणारी वाट म्हणजे हायस्कूल. ती वाट मध्येच तुटली तर दार उघडे असून काय उपयोग?

यास्तव आम्ही सरकारापाशी पुढील गोष्टी मागतो. पहिली, शिक्षणाचा हक्क चौदा वर्षांपाशी न थांबविता अठरा वर्षांपर्यंत कायद्याने न्यावा. सरकारचे 2020 चे शैक्षणिक धोरण तीन ते अठरा वर्षांची भाषा बोलते, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. दुसरी, हंगामी वसतिगृहे दहावीपर्यंत करावीत, आणि ती दसऱ्याच्या आधी उघडावीत, कुटुंबे निघून गेल्यावर नव्हे. तिसरी, डोंगराळ तालुक्यांतील शाळांवर पोरांची बोली जाणणारे शिक्षक नेमावेत, आणि नववी-दहावीस गणित-विज्ञानाचा मास्तर नाही अशी एकही शाळा ठेवू नये. चौथी, आणि आमच्या दृष्टीने सर्वांत मोठी, दर निकालाबरोबर प्रत्येक हायस्कुलाने एक कोष्टक प्रसिद्ध करावे. त्यात आसपासच्या गावांतून आठवी किती झाली, नववीत किती आली, दहावीत किती चढली, परीक्षेस आतून किती व 17 नंबरने किती बसली, पास किती, त्यात मुली किती, आदिवासी किती, हे असावे. हे होत नाही असे कोणी म्हणू नये. 2011 च्या ऑक्टोबरात सरकारने तीन दिवस साऱ्या राज्यात पटपडताळणी केली होती. पोरांच्या बोटांस शाई लावून एकेक डोके मोजले, कारण खोट्या पटावर सरकारचा पैसा जात होता. पैसा गळतो असे दिसताच शाईची बाटली निघते. पोरे गळतात तेव्हा ती बाटली कोठे जाते?

आता शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुम्हास दोन शब्द. सरकार करील तेव्हा करील. तुमच्या हातात आज जे आहे ते तुम्ही करा. शाळा व्यवस्थापन समितीत चारातील तीन सभासद पालक असले पाहिजेत आणि निम्म्या बाया असल्या पाहिजेत, असा कायदा आहे. तेथे सहीपुरते जाऊ नका, बसा आणि विचारा. ग्रामसभेत रस्ता, गटार आणि घरकुल यांवर भांडता, तसे एकदा यावरही भांडा की, गेल्या साली आपल्या गावातून आठवी पास झालेली पोरे आज कोठे आहेत? एकेक नाव घ्या. उत्तर मिळाले नाही तर दहा रुपयांच्या अर्जावर माहितीच्या अधिकाराने हायस्कुलाकडे आकडे मागा. तीस दिवसांत उत्तर देणे त्यांस भाग आहे.

घरात आठवीचे पोर असेल तर राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेस बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी दरसाल बारा हजार रुपये मिळतात. आश्रमशाळेत व वसतिगृहात नाव घालावयाचे तर नंदुरबार आणि तळोदे येथे आदिवासी विकास प्रकल्पाच्या कचेऱ्या आहेत, तेथे वेळेत अर्ज द्या. पोर एक-दोन विषयांत राहिले तर त्याच्या हातात लगेच कोयता देऊ नका. 2015 पासून निकालामागोमाग पुरवणी परीक्षा होते, आणि दोन विषय राहिले तरी अकरावीत सवलतीने प्रवेश मिळतो. एका नापासाने आयुष्य नापास होत नाही. आणि कोणी 17 नंबरचा फॉर्म पुढे केला तर आधी विचारा, 'का?' पोर शाळेत येत असेल तर त्याने शाळेतूनच बसावे, असे स्पष्ट सांगा. सर्वांत शेवटी, मुकादमाची उचल घेताना कोयते मोजून घ्या. त्यात पोराचा कोयता धरू नका. एका हंगामाच्या उचलीसाठी पोराची दहावी गहाण टाकली, तर ती सोडवून आणणारी पेढी कोठेही नाही.

पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा निकाल लागेल, पुन्हा फलक चढतील. चढू द्या. पण फलकापुढे उभे राहून हेडमास्तरास आणि अध्यक्षास नम्रपणे, पण साऱ्या गावाच्या तोंडाने एवढेच विचारा की, 'साहेब, या चित्रांतली पोरे दिसली, आनंद झाला. आता न दिसणारी कोठे आहेत ते सांगा.' ज्या दिवशी प्रत्येक गाव हा प्रश्न विचारू लागेल, त्या दिवशी निकालाचा टक्का कदाचित खाली येईल. येऊ द्या. खोट्या शंभरापेक्षा खरे साठ बरे, कारण खऱ्या साठांतूनच पुढे खरे सत्तर आणि ऐंशी होतात. जोतीरावांनी हंटर साहेबांपुढे मागितला होता तो रयतेच्या पैशाचा हिशेब. आज आम्ही मागतो आहोत तो रयतेच्या पोरांचा. तो घेतल्यावाचून गप्प बसणार नाही, असा निश्चय प्रत्येक घराने करावा.